कपाटाच्या दारावरचा फांदांगो

आयर्लंडमधल्या कुठल्याही हॉलबाहेर मी व्हॅनमधून पेट्या उतरवायला लागले, की कोणीतरी सद्गृहस्थ येतो आणि विचारतो, साउंडवाला कुठे आहे? सुरुवातीला मी समजावून सांगायचे. आता मी त्याच्या हातात सगळ्यात जड पेटी देते आणि म्हणते, आत आहे, एवढी नेऊन द्या. आत त्याला कोणी भेटत नाही. पेटी मात्र जागेवर पोचते.

तर मीच ती साउंडवाली. शुभदा. पुण्यात प्रायोगिक नाटकांना ध्वनी द्यायचे. प्रायोगिक म्हणजे पैसे नाहीत आणि कौतुक पुष्कळ. मग नवऱ्याला, मिलिंदला, डब्लिनला नोकरी लागली आणि आम्ही तिथल्या ॲडम्सटाउन उपनगरात आलो. शेजारीपाजारी सगळे सॉफ्टवेअरमधले. तू काय करतेस, असं बायका विचारायच्या. मी 'मिक्सर चालवते' म्हटलं, की अर्ध्या जणी चटणीची रेसिपी मागायच्या. मला राग लवकर येतो, जातोही लवकर, पण मधल्या वेळात मी बोलून घेते. त्यामुळे माझ्या मैत्रिणी मोजक्या आहेत आणि टिकाऊ आहेत.

धंदा काय आहे ते आधी सांगते. गाणाऱ्याचा आवाज एक, गिटारचा एक, ढोलाचा एक, असे सगळे वेगवेगळ्या वायरींतून माझ्याकडे येतात. माझ्यासमोर प्रत्येकाची एक सरकपट्टी असते, तिला फेडर म्हणतात. वर नेला की आवाज वाढतो, खाली आणला की कमी होतो. बस, एवढंच. बाकीचं सगळं म्हणजे माणसं सांभाळणं. प्रत्येक कलाकाराला स्वतःचा आवाज कमी वाटतो आणि शेजाऱ्याचा जास्त. माइकचाच आवाज स्पीकरमधून परत माइकमध्ये शिरला की कर्णकर्कश शिट्टी वाजते, तेव्हा हॉलमधली सगळी डोकी माझ्याकडे वळतात. एरवी मी त्यांच्या लेखी नसतेच. कार्यक्रम उत्तम झाला तर गायक थोर, बिघडला तर साउंड वाईट. लग्नातल्या आचाऱ्यासारखी ही गत आहे, मीठ कमी पडल्याशिवाय कोणी त्याचं नाव विचारत नाही.

'स्पॅनिश गाण्यांची साउंडवाली' ही माझी ओळख अपघाताने झाली. आयरिश बँडची माणसं ठरलेली. त्यांच्यात शिरायला मला जागाच नव्हती. मात्र डब्लिनमध्ये मेक्सिको, कोलंबिया, व्हेनेझुएला, अर्जेंटिना अशी कुठकुठली मंडळी नोकऱ्या करतात आणि सुट्टीच्या दिवशी गातात. त्यांची वाद्यं फार, वायरी फार, बोलणं त्याहून फार, आणि बजेट माझ्या पुण्याच्या नाटकवाल्यांइतकं. त्यांना कोणी मिळत नव्हतं, मलाही कोणी मिळत नव्हतं. मी त्यांच्याकडून भाषा शिकले ती कामापुरती. वाढव, कमी कर, परत एकदा, हात लावू नकोस. संसारही एवढ्या शब्दांत चालतो, असं मिलिंदचं मत आहे.

आपल्याला वाटतं, स्पॅनिश म्हणजे सगळं एकच. त्यांच्यासमोर असं म्हणून बघा. कोलंबियाचा माणूस व्हेनेझुएलाच्या पोळीला नावं ठेवणार, दोघं मिळून स्पेनवाल्याच्या उच्चाराची नक्कल करणार. नागपूरकर आणि कोल्हापूरकर यांना एका टेबलावर बसवून रश्श्याचा विषय काढला तर जे होईल, तेच. मात्र गाणं सुरू झालं की भांडण मिटतं, आणि आयरिश लोकही येऊन मिळतात. इथल्या शाळांत पोरं स्पॅनिश शिकतात, मंगळवारी पबच्या माडीवर साल्साचे वर्ग चालतात. एक पोस्टमन मला माहीत आहे, तो पत्रं टाकताना कंबर हलवत जातो. आमच्या गणपतीतसुद्धा दरवर्षी छोट्या मुलांचा एक नाच स्पॅनिश गाण्यावर असतोच. अर्थ आईबापांना माहीत नसतो, ते बरंच आहे. मला थोडा माहीत झालाय, म्हणून मी त्या वेळी मान खाली घालून फेडरकडे बघत राहते.

उत्तरेकडच्या लेटरकेनी गावातल्या एका लग्नाची गोष्ट सांगते. नवरी व्हेनेझुएलाची डॉक्टर, तिथल्या इस्पितळात कामाला. नवरा तिथलाच, शेतकऱ्याचा मुलगा. मी सहा महिन्यांपूर्वी घेतलेली व्हॅन घेऊन डोंगरातून गेले. जेवणं झाली, भाषणं झाली, गायिका एक संथ गाणं म्हणत होती आणि अचानक शिट्टी वाजली. एक नाही, चारी बाजूंनी. मी एक माइक बंद केला, दुसरा केला, शेवटी सगळं बंद केलं. शिट्टी चालूच. मान वर करून बघते तर मुखवटे घातलेली, रंगीत टोप्या घातलेली माणसं तोंडात खऱ्या शिट्ट्या धरून हॉलमध्ये घुसलेली. व्हेनेझुएलाकडे लग्नाच्या मध्येच असा एक वेडा तास असतो. सगळ्यांनी सोंगं घ्यायची, ढोल बडवायचे, वरातीचा धुडगूस हॉलच्या आत. मला कोणी सांगितलं नव्हतं. नवऱ्या मुलाची आजी, तोंडावर सिंहाचा मुखवटा, माझ्याजवळ येऊन विचारते, आवाज का गेला, बाळा? मीही तिच्याकडे एक शिट्टी मागितली.

लुपेची आणि माझी ओळख अशाच एका फजितीतून झाली. लुपे मेक्सिकोची, समुद्रकाठच्या व्हेराक्रूझ प्रांतातली. डब्लिनच्या टॅला उपनगरातल्या मोठ्या इस्पितळात फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर लोकांना परत पाऊल टाकायला शिकवते. टॅलाच्याच एका वाचनालयात तिचा छोटा कार्यक्रम होता. गिटारच्या धाकट्या बहिणीसारखं एक वाद्य, हाराना, आणि रंगमंचावर एक लाकडी चौथरा. मी येऊन पाहिलं, चौथरा पोकळ, पाय लागला की ढम वाजतोय. पुण्याच्या संस्कारांत वाढलेली साउंडवाली अशा वेळी काय करते? सतरंजी टाकते. माझ्या व्हॅनमध्ये एक जाड गालिचा कायम असतो. मी तो छान ताणून अंथरला, कडा टेपने चिकटवल्या, वर मनात म्हटलं, बिचारीच्या पायांना थंडी लागणार नाही.

गाणं सुरू झालं, लुपे टाचांचे बूट घालून त्यावर चढली, नाचली, आणि काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. ती खाली उतरली, सरळ माझ्याकडे आली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "माझ्या ढोलावर पांघरूण कोणी घातलं?"

तेव्हा कळलं. त्या संगीतात ढोल नसतो. तो चौथरा हाच ढोल, त्याला ते तारीमा म्हणतात, आणि नाचणारीचे बूट म्हणजे त्याच्या काठ्या. मी गालिचा उपटला. त्या दिवसापासून आमची मैत्री आहे, आणि आजही चिडवायचं असलं की ती मला 'पांघरूण' म्हणते.

पुढे काय झालं, लुपेने भाड्याचं घर बदललं, नव्या घरात तारीमा मावेना, म्हणून तिने तो मागच्या अंगणात ठेवला. इथला पाऊस काही विचारून येत नाही. लाकूड फुगलं, सांधे सुटले, आवाज गेला. त्यानंतर लुपे लग्नांच्या बँडमध्ये गायला लागली, सगळ्यांना माहीत असलेली नाचाची गाणी. पैसे बरे मिळायचे. हाराना स्वयंपाकघरात, इथल्या इंग्रजीत सांगायचं तर प्रेसच्या वर, म्हणजे कपाटाच्या वर, भिंतीला खिळा ठोकून टांगली गेली. तो खिळासुद्धा घरमालकाची मिनतवारी करून मिळवलेला. घरात तेवढा एकच खिळा.

या उन्हाळ्यात तिचे वडील आले. दोन एउसेबियो. त्यांच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला 'दोन' लावतात, आपल्या 'राव'सारखं. सुतार माणूस, ती हाराना त्यांनीच एका अखंड देवदाराच्या ठोकळ्यातून कोरलेली, लुपे लहान असताना. मी भेटायला गेले तर ते स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून वर बघत होते. तारांवर धूळ होती. लुपे चहा करत होती आणि जरा जास्तच खडखडाट करत होती. मग ते हळूहळू काहीतरी बोलले. लुपेने मान न वळवता मला इंग्रजीत सांगितलं. ते परत जाताना हाराना घेऊन जाणार. गावात वाजवणारी पोरं आहेत. टांगलेलं वाद्य ते बघू शकत नाहीत.

मी लुपेची बाजू घ्यायला गेले. म्हटलं, ती गाते हो, किती गाते, मी ऐकते ना. म्हातारबुवांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला. लुपेने तो भाषांतरित करेपर्यंत तिचे डोळे भरले होते.

"ते विचारतायत, मी दमले की माझ्या जागी कोण?"

याचा अर्थ समजायला फांदांगो माहीत हवा. फांदांगो म्हणजे त्यांच्या गावची गाण्यानाचाची बैठक. मध्ये तारीमा, भोवती वाजवणारे, सगळ्यांची तोंडं तारीम्याकडे. प्रेक्षक असा नाहीच. दोन बायका वर चढून नाचतात. दमल्या की नुसतं उतरायचं नाही, दुसरीने येऊन खांद्याला हात लावायचा, मग हिने उतरायचं, तिने चढायचं. कोणी आलंच नाही तर वाजवणारे थांबतात आणि बैठक मोडते. म्हातारबुवांना लुपे गाते की नाही याची चिंता नव्हती. तिच्या खांद्याला हात लावणारं इथे कोणी नाही, ही चिंता होती. आणि त्यात खोटं काय होतं? वाद लुपेचा आणि तिच्या वडिलांचा होता, पण मला रात्रभर झोप लागली नाही.

सकाळी उठून मी लुपेला फोन केला. म्हटलं, ते जायच्या आत इथे फांदांगो करू. हॉल माझा, साउंड माझा. तू माणसं आण.

हॉल माझा म्हणजे आमच्या मंडळाचा. गणपतीच्या दिवसांत ॲडम्सटाउनचा कम्युनिटी हॉल आम्ही घेतो, साउंड मी फुकट करते, म्हणून माझा शब्द थोडा चालतो. अध्यक्ष निखिल जोशी, वयाने माझ्याहून बराच लहान, त्याने रविवारच्या दुपारच्या कार्यक्रमात जागा दिली. मी स्वतः जाऊन रंगमंच बोटांनी वाजवून पाहिला. लाकडी, पोकळ, सुरेख. लुपेला कळवलं, तारीमा नको, अख्खा रंगमंच तारीमा आहे.

रविवारी लुपे आली. सोबत एक मैत्रीण, विद्यापीठातले दोन मेक्सिकन विद्यार्थी हाराना वाजवणारे, आणि पांढराशुभ्र शर्ट घालून दोन एउसेबियो. लुपेची हाराना त्यांच्या हातात होती, प्रवासाच्या पेटीतून काढलेली. पेटी तयार होती म्हणजे विचारही तयार होता. लुपेने पिशवीतून खिळे ठोकलेल्या टाचांचे बूट काढले आणि रंगमंचाच्या पायरीशी बसून घालू लागली.

निखिल धावत आला. वहिनी, बूट? रंगमंचावर गणपती बसलाय.

मी कपाळाला हात लावला. आयुष्यभर मी रंगमंचाला नमस्कार करून, चपला काढूनच वर चढत आले आहे. बूट हेच यांचं वाद्य हे मला पक्कं माहीत होतं, आणि मंचावर बूट चालत नाहीत हेही. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात शेजारी शेजारी राहत होत्या आणि त्यांची ओळखच झालेली नव्हती. त्याच सकाळी तर माझ्या मुलीला, ईराला, आम्ही हाच नियम लावला होता. ईरा तेरा वर्षांची, शाळेतल्या मैत्रिणींबरोबर आयरिश नाच शिकते. त्या नाचातही टाचांना कडक तुकडे लावलेले बूट असतात. तिने मंचावर मोज्यांत नाच केला. हात दोन्ही बाजूंना ताठ, पाय वीज पडल्यासारखे, आणि आवाज काही नाही. टाळ्या झाल्या, पण पोरगी तेव्हापासून फुगून एका कोपऱ्यात बसली होती. काय झालं विचारलं तर म्हणे, "आय्म ग्रँड, ममा." आयरिश माणूस 'ग्रँड' म्हणाला की समजावं, काहीतरी बिनसलंय.

निखिलचं काही चुकत नव्हतं. मंचावर बूट चढले तर रात्री ग्रुपवर मेसेजचा पाऊस पडणार आणि तो त्यालाच अंगावर घ्यायचा होता. मी भांडायच्या पवित्र्यात आले. तेवढ्यात माझ्या सासूबाई पुढे झाल्या. त्या नागपूरहून तीन महिन्यांसाठी आलेल्या. त्यांनी लुपेच्या हातातला बूट घेतला, उलटा केला, टाचेचे खिळे बोटाने चाचपले आणि निखिलला म्हणाल्या, "हे त्याईचे घुंगरू होय, बाप्पा. घुंगरू काढून कोणी नाचते का?"

मग मधला मार्ग निघाला. मंचावर नको, खाली हॉलच्या मध्यभागी करा, बूट पुसून घ्या. सासूबाईंनी स्वतः ओल्या फडक्याने बूट पुसले. लुपे मध्यभागी गेली आणि टाच मारली. धप्प. खालची जमीन बॅडमिंटनसाठी केलेली, रबरी, मऊ. जणू अख्ख्या जमिनीला माझा तो गालिचा घातलेला. लुपेने माझ्याकडे पाहिलं, आणि मला ते बघणं सहन होईना. म्हातारबुवा हाराना गळ्यात अडकवून स्वस्थ उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर 'पाहिलंस' असंही काही नव्हतं, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

हॉलचा रखवालदार मार्टिन दारात उभा राहून हे बघत होता. पश्चिमेकडच्या कॉनमाऱ्याचा म्हातारा, मोदक खायला दरवर्षी न चुकता हजर. काय हवंय, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, लाकडाची फळी, मोठी, जाड, वाजणारी. तो म्हणाला, म्हणजे दारच की. त्याच्या लहानपणी घरी वाजवणारे आले की जमीन मातीची म्हणून बापाने घराचं दार बिजागरीतून काढायचं, मध्ये आडवं टाकायचं, आणि आईने त्यावर नाचायचं. थंडी? थंडी लागायची ना, पण नाचणाऱ्याला कुठे लागते. एवढं बोलून तो स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला आणि खुर्च्या ठेवायच्या प्रेसचं जुनं, जाडजूड दार उतरवायला लागला. निखिलने आता डोळेच मिटून घेतले होते.

दार मध्यभागी आणलं, खाली चार ठोकळे दिले. दोन एउसेबियो वाकले आणि माठ विकत घेताना वाजवून बघतात तसं त्यांनी ते बोटांनी ठिकठिकाणी वाजवलं, कान लावला, एक ठोकळा वीतभर सरकवला. पुन्हा वाजवलं. मग मार्टिनकडे बघून मान डोलावली. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. मी पोटावर झोपून दाराखाली माइक चिकटवला. नवी साडी होती, जाऊ दे.

आणि सुरू झालं. हाराना छमछमायला लागल्या आणि मला पहिल्यांदा कळलं, अगबाई, या तर सहा मात्रा, दादऱ्यासारख्या. लुपे आणि तिची मैत्रीण दारावर चढल्या आणि त्या दाराने असा काही आवाज दिला की मंचावरच्या समया हलल्याचा मला भास झाला. खुर्च्यांवरची माणसं उठून भोवती आली. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "हा तं भोंडला होय वं. मंधात पाट, भवताल बाया." खरंच की. मी इतकी वर्षं या लोकांबरोबर काढली, माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

एक गोष्ट साउंडवाल्यांसाठी सांगते. गाणारा कडवं म्हणायला लागला की नाचणाऱ्या आपण होऊन पावलं हलकी करतात, शब्द ऐकू यावेत म्हणून. कडवं संपलं की पुन्हा टाचा घुमतात. म्हणजे फेडर त्यांच्या पायातच. मला काही कामच नव्हतं. दोन एउसेबियोंनी तिथल्या तिथे कडवं रचलं. लुपेने नंतर अर्थ सांगितला, ज्या घराचं दार नाचायला आडवं पडतं, त्या घरात चोर येत नाहीत.

मग लुपेच्या मैत्रिणीचा पाय मुरगळला. तिने दोन पावलं लंगडत काढली आणि हसत उतरली. दारावर लुपे एकटी राहिली. ती नाचत होती, पण केस कपाळाला चिकटलेले, श्वास वर लागलेला. तिने वर्तुळावर नजर फिरवली. सगळ्या आमच्याच बायका, नऊवारी, पैठण्या, अनवाणी, टाळ्या वाजवणाऱ्या. कोणी पुढे होईना. कोणी का होईल? म्हातारबुवा वाजवत होते आणि मुलीकडे बघत होते. मी मिक्सरपाशी उभी. सगळं माझ्याकडे होतं, वीस वायरी, आठ स्पीकर, आणि जे हवं होतं ते देता येत नव्हतं.

कोपऱ्यातून खट्ट आवाज आला. ईरा बूट घालून उभी होती. सासूबाई तिला ढकलत होत्या. जाय वं पोट्टे. पोरगी घाबरत घाबरत दारापाशी गेली, लुपेच्या शेजारी चढली आणि हात ताठ करून तिचा तो आयरिश नाच सुरू केला. सहाच मात्रा. जिग नावाच्या त्या आयरिश नाचाच्याही सहाच. बसला की तो नाच त्या तालावर, जणू मोजून शिवलेला. मार्टिन ओरडला काहीतरी त्याच्या भाषेत. लुपे हसायला लागली.

आता पुढचं कडवं आलं. म्हातारबुवांनी गायला तोंड उघडलं आणि लुपेने पावलं हलकी केली, पण ईराला कुठलं माहीत? सकाळपासूनचा राग टाचांत साठलेला. ती हाणतेच आहे. त्यांचा एक शब्द ऐकू येईना. माझा हात आपोआप दाराच्या फेडरवर गेला. खाली ओढायचा, की झालं, हे माझं कामच. दोन एउसेबियोंनी गाता गाता माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नको.

मी हात काढून घेतला. ते चालत दारापाशी गेले, ईराच्या अगदी जवळ, आणि त्यांनी तेच कडवं पहिल्यापासून घेतलं. मोठ्याने नाही. आणखी हळू. मग त्याहून हळू. ईराला ते काय म्हणतायत ऐकायचं होतं, म्हणून ती थोडी वाकली, आणि वाकता वाकता तिची पावलं आपसूक मऊ झाली. टकटक उरली, पावसाच्या शेवटच्या थेंबांइतकी. कडवं अख्ख्या हॉलला ऐकू आलं. ते संपलं तसं त्यांनी टाच आपटून खूण केली आणि पोरीने दार फोडायचंच बाकी ठेवलं. माझं सगळं आयुष्य लोकांचा आवाज वाढवण्यात गेलं. हळू होऊन ऐकवता येतं हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी रडत होते, आणि लोकांना वाटलं धुपाचा धूर.

लुपे दमली होतीच. तिच्या खांद्यावर हात पडला. वळून बघते तर सासूबाई. नियम त्यांना बरोबर कळला होता. लुपे उतरली, सासूबाई पदर खोचून अनवाणी चढल्या आणि नातीच्या शेजारी फुगडीची पावलं घालू लागल्या. अनवाणी पायांचा कसला आवाज? पण हेडफोनमध्ये मला काहीतरी बारीक, लख्ख वाजताना ऐकू आलं. जोडवी. जोडवी दारावर वाजत होती. आता मात्र मी फेडर वर नेला. अख्खा वर नेला.

त्यानंतर कोण कोण चढलं ते मला आठवत नाही. आरतीला उशीर झाला एवढं निखिल अजून सांगतो.

दोन एउसेबियो मंगळवारी गेले. विमानतळावरून परतताना लुपेचा फोन आला. ती हसत होती की रडत होती, कळेना. पेटी नेली, म्हणाली. मग म्हणाली, रिकामी. हाराना खाटेवर ठेवून गेले. आणि स्वयंपाकघरात भिंतीला भोक आहे. जायच्या आधी म्हातारबुवांनी घरभर पक्कड शोधली, तो एकुलता एक खिळा उपटला, रुमालात बांधला आणि आपल्याबरोबर मेक्सिकोला घेऊन गेले.

तेव्हापासून हारानेला टांगायला जागा नाही. ती सोफ्यावर असते, खुर्चीवर असते, कोणाच्या तरी हातात असते. मंगळवारी संध्याकाळी कम्युनिटी हॉलमध्ये आठ-दहा बायका जमतात, दार मध्यभागी पडतं. मार्टिनच्या प्रेसला अजून दार नाही, खुर्च्या उघड्यावर. दार परत कधी लावणार विचारलं तर म्हणतो, ग्रँड आहे की. लुपे हाराना दर आठवड्याला वेगळ्या घरी शिकायला देते.

गेल्या आठवड्यात हाराना आमच्याकडे होती. ईरा घेऊन आली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवली, शेजारी आमटीचं भांडं. मला वस्तू जागच्या जागी लागतात, धंद्याची सवय. मी हातोडी घेतली, भिंतीवर जागा बघितली, खिळा तोंडात धरला.

ईराने मान वर केली. "ममा," ती म्हणाली, "नो नेल्स."

मी हातोडी खाली ठेवली आणि आमटीचं भांडं उचललं.